पाटी हाती येण्यापूर्वीची वर्षे



वसंत पंचमीच्या दिवशी कोलकात्यात घरोघरी आणि शाळाशाळांतून सरस्वतीची पूजा होते. लहान मुलाला नवी वस्त्रे नेसवून पुरोहित किंवा घरातील वडीलधारी व्यक्ती मांडीवर घेते, त्याच्या मुठीत खडू देते आणि त्याचा हात आपल्या हातात धरून पाटीवर पहिले अक्षर काढते. बंगाली माणसे या विधीला ‘हातेखडी’ म्हणतात. महाराष्ट्रात दसऱ्याला एकाच्या आकड्यांची सरस्वती पाटीवर रेखून जे पाटीपूजन होते, त्याचे हे भावंडच म्हणावे. मुलाचे शिक्षण या दिवसापासून सुरू झाले, असे दोन्हीकडे मानले जाते.

परंतु काही मुलांची मूठ खडू धरण्यासाठी उघडतच नाही. कुणाची मान सावरत नाही, कुणाच्या कानी ते पहिले अक्षर पडतच नाही, कुणी अक्षर काढून घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहत नाही. अशा मुलाचे शिक्षण कधी सुरू व्हावे? ते पाटीपूजनाच्या कितीतरी आधी, जवळजवळ पाळण्यातच सुरू व्हावे लागते, हे याचे उत्तर. कोलकाता शहरात या उत्तराला गेली पन्नासहून अधिक वर्षे एका संस्थेचे रूप लाभले आहे आणि तिचा धागा थेट मुंबईशी जुळलेला आहे.

१९६६ साली कोलकात्यात मालिनी नावाची एक मुलगी जन्मली. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडल्यामुळे तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात झाला. तिची आई मिठू अलूर. पुढे इंग्लंडमधील वास्तव्यात मालिनीला उपचार आणि शिक्षण एकत्र मिळाले आणि तिची बुद्धी शाबूत असल्याचे स्पष्ट झाले. भारतात परतल्यावर मात्र तिला सामावून घेणारी शाळा नव्हती. म्हणून १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली आणि कुलाब्यात अवघ्या तीन मुलांना घेऊन विशेष शिक्षणाचे केंद्र सुरू केले. १९७४ साली हेच कार्य डॉ. सुधा कौल यांच्या पुढाकाराने कोलकात्यात रुजले. तारातला येथील ही संस्था आज ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी’ या नावाने ओळखली जाते.

कोलकात्याला अशा कार्याची परंपरा नव्हती असे नाही. मूकबधिरांसाठी तेथे १८९३ पासून आणि अंधांसाठी १८९७ पासून शाळा होती. पण सेरेब्रल पाल्सी असलेले मूल या दोन्ही दारांतून आत जाऊ शकत नव्हते. त्याला दिसते, ऐकू येते. अनेकदा समजतेही सारे. पण स्नायू मेंदूचे ऐकत नाहीत. हात एकीकडे न्यावा तर तो दुसरीकडे जातो. शब्द मनात असतो, पण ओठांवर येताना त्याचे तुकडे होतात. अशा मुलाला मतिमंद ठरवून मोकळे होणे सोपे होते आणि बहुतेक ठिकाणी तेच घडत होते.

हा विकार समजून घेण्यासाठी एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. अर्भकाच्या वाढत्या मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मवेळी गुदमरणे, नवजात अवस्थेतील तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही त्याची काही ठळक कारणे होत. ही इजा पुढे वाढत नाही, पण ती पुसलीही जात नाही. मग लवकर हाती घेतलेले शिक्षण आणि उपचार नेमके काय साधतात?

मुलाच्या मेंदूचे आकारमान तिसऱ्या वर्षापर्यंत प्रौढ मेंदूच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. या काळात मज्जापेशींची जोडणी वापराप्रमाणे घडते: जी वाट रुळते ती पक्की होते, जी वापरली जात नाही ती विरून जाते. इजा झालेल्या भागाचे काही काम मेंदूचे इतर भाग उचलू शकतात. पण त्यासाठी त्यांना ते काम करण्याची संधी वारंवार मिळावी लागते. दुसरीकडे, ताठरलेले स्नायू तसेच राहिले तर वाढत्या हाडांबरोबर ते आखडत जातात, सांधे वाकतात. जी हालचाल पहिल्या वर्षात आईच्या हातांनी शिकवता आली असती, तिच्यासाठी दहाव्या वर्षी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. म्हणून विलंबाची किंमत मूल स्वतःच्या शरीराने चुकवते.

पण हे काम रोज रुग्णालयात नेऊन होणारे नाही. लंडनमध्ये कारेल आणि बेर्टा बोबाथ या दांपत्याने अशा मुलांच्या उपचारांना नवी दिशा दिली, आणि १९६८ साली नॅन्सी फिनी यांनी घरी अशा मुलाला कसे हाताळावे यावर पुस्तक लिहून ती पालकांपर्यंत नेली. उपचारतज्ज्ञाकडचा आठवड्यातील एक तास महत्त्वाचा खरा. पण मूल उचलणे, निजवणे, न्हाऊ घालणे, भरवणे यांत जाणारे उरलेले तास त्याहून मोठे असतात. ते तास कसे जातात, यावर फळ अवलंबून असते. अशा केंद्रात पहिला विद्यार्थी पालक असतो, तो यामुळेच.

मराठी घरातील साधी उदाहरणे घ्यावीत. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढणाऱ्या बाळाला दोन्ही हातांवर आडवे धरून नेले, तर ताठरपणा वाढतो. तेच मूल कडेवर घेतले, की पाय आपोआप विलग होतात, पाठ सरळ होते आणि भोवतालचे जग त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येते. आजीची कडेवर घेण्याची जुनी सवय येथे व्यायामाचे काम करते. भरवण्याचेही तसेच. मान मागे टाकून तोंडात ओतलेली पेज श्वासनलिकेत जाऊ शकते. मूल टेकून बसवावे, मान किंचित पुढे असावी, घास पातळ नसून मऊ असावा आणि पुढचा घास देण्यापूर्वी पहिला गिळू द्यावा. कोणत्या मुलाला काय चालेल, हे तज्ज्ञाने पाहून सांगायचे. रोज करायचे ते घराने.

बोलण्याविषयी कोलकात्याच्या संस्थेने केलेले काम तर साऱ्या देशाला मार्गदर्शक ठरले. ज्या मुलाला वाचा नाही त्याला सांगायचे काहीच नाही, हा समज डॉ. कौल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडून काढला. चित्रांचे, चिन्हांचे, पुढे अक्षरांचे फलक तयार झाले. पाणी, भूक, दुखते, खेळायचे, नको यांची चित्रे मुलासमोर मांडायची. त्याने बोटाने, मुठीने किंवा नुसत्या नजरेने त्यांतील एक दाखवायचे. चित्रे दिली तर मूल बोलायचा कंटाळा करील, अशी भीती पालकांना वाटते. अनुभव आणि संशोधन दोन्ही सांगतात की फलकामुळे वाचा खुंटत नाही. अनेक मुलांत तिला मदतच होते. आणि ज्या दिवशी मूल पहिल्यांदा ‘नको’ दाखवते, त्या दिवशी घराला कळते की आत एक संपूर्ण माणूस वाट पाहत होता.

येथे पालकांच्या काळजाला भिडणारी गोष्ट सांगणे आवश्यक आहे. बहुतेक घरांत शंका लवकर येते. पाऊल मात्र उशिरा पडते. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे आजोबाही तिसऱ्या वर्षी चालले’, ‘नजर लागली असेल’, ‘लोक काय म्हणतील’ अशा वाक्यांत महिने निघून जातात. आईकडे बोटे वळतात, आणि दोष पत्करण्याच्या ओझ्याखाली ती विचारायचेच थांबते. काही खुणा मात्र स्पष्ट आहेत. चार महिन्यांपर्यंत मान न सावरणे, नऊ महिन्यांपर्यंत आधाराविना न बसणे, वर्षाच्या आत एकच हात वापरणे व दुसरा मुठीत ठेवणे, नावाने हाक मारूनही न पाहणे, दीड वर्षापर्यंत न चालणे वा एकही अर्थपूर्ण शब्द न उच्चारणे, आलेले शब्द पुन्हा हरवणे. यांपैकी काहीही दिसले, तर बालरोगतज्ज्ञाकडे जावे. शंका खोटी ठरली तर एक फेरी वाया जाईल. खरी ठरली आणि गेलेच नाही, तर मुलाची वर्षे वाया जातील. ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपाय सहाव्यापर्यंत, असा क्रम जगभर मानला जातो. हमखास बरे करण्याच्या जाहिरातींपासून मात्र चार हात दूर राहावे.

शासनाची दारेही आता पूर्वीपेक्षा अधिक उघडी आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्यातून बालकांची तपासणी आणि जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहू लागली. जून २०२१ मध्ये देशात चौदा ठिकाणी सर्व प्रकारच्या अपंगत्वांसाठी अशी केंद्रे सुरू झाली; त्यांत मुंबई आणि कोलकाता ही दोन्ही शहरे आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारचे अपंगत्व मान्य केले. तरीही मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क सहाव्या वर्षापासून मोजला जातो, आणि सर्वांत मोलाची वर्षे त्याच्या अलीकडे राहतात. ती घराच्या आणि समाजाच्या हवाली आहेत.

हा विचार मराठी माणसाला परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत कार्य सुरू केले, तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हे तत्त्व त्यांनी प्रत्यक्षात आणले. आज देशभर रूढ असलेल्या अंगणवाडीच्या कल्पनेचे मूळ तेथे आहे. ज्या मुलाला अंगणापर्यंतही येता येत नाही, त्याच्या अंथरुणापर्यंत शिक्षण नेणे हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

हे सारे करून काय मिळते? ती कोलकात्यात जन्मलेली मालिनी चिब मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाली, लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून ‘वन लिट्ल फिंगर’ हे आत्मकथन लिहिले. कोलकात्याच्या संस्थेत शिकलेल्या जीजा घोष प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, परदेशी उच्च शिक्षण घेऊन त्याच संस्थेत काम करू लागल्या. २०१२ साली गोव्यातील परिषदेसाठी निघाल्या असता त्यांना अपंगत्वामुळे विमानातून उतरवण्यात आले. त्या न्यायालयात गेल्या आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. जीजा यांचे शिक्षण पुरे झाले होते. विमानात त्यांच्याभोवती असलेल्यांचे व्हायचे होते.

प्रत्येक मूल पदवीधर होईल, असे मात्र कुणी समजू नये. एखाद्याचे यश स्वतःच्या हाताने घास घेणे इतकेच असेल, एखाद्याचे आईला नजरेने ‘ये’ म्हणणे असेल. त्या यशाला कमी लेखू नये.

साठ वर्षांच्या शाळेकडे इमारतीहून मोठे धन असते, ते म्हणजे तिची माणसे. त्यांत डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, नातवंडे सांभाळणारे आजी-आजोबा आहेत. एखाद्याने शेजारच्या घरी जाऊन ‘एकदा दाखवून या, सोबत येतो’ एवढे म्हटले, तरी एका मुलाचे एखादे वर्ष वाचेल. शाळेने एक उतरण बांधली, एका वर्गात फलकावर बोलणाऱ्या मुलासाठी बाक राखला, तर बाकीची मुले अशा मुलासोबत शिकायला आपसूक शिकतील.

हातेखडीच्या वेळी कोणतेच मूल पहिले अक्षर एकट्याने काढत नाही. त्याच्या हातावर मोठ्यांचा हात असतो. काही मुलांना तो हात थोडा लवकर हवा असतो आणि थोडा अधिक काळ. तेवढा तो त्यांना मिळावा.