कॅमेरा कुठे थांबतो?
चेन्नईतल्या तरमणीच्या सरकारी चित्रपट संस्थेतल्या विद्यार्थ्याला आपला लघुपट थिएटरात लावायचा असेल, तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र हवंच. बोर्डाचं प्रादेशिक कार्यालय त्याच शहरात आहे. या प्रमाणपत्रांच्या 1952 च्या कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली आणि ‘यूए’ प्रमाणपत्राचे तीन टप्पे पडले: 7, 13 आणि 16 वर्षं. ही पालकांसाठी सूचना. वयामुळे दारावर अडवतात ते ‘ए’ चित्रपटाला, 18 खालच्यांना. समजा, बाप आईवर हात उगारतो असा प्रसंग आहे. कॅमेरा जखमेवर रेंगाळतो की दाराआडच्या मुलाच्या चेहऱ्यावर, एवढ्यानेही टप्पा बदलू शकतो. हा विचार पटकथा लिहितानाच व्हायला हवा. माझं मत विचाराल तर, ‘ए’ टाळण्यासाठी प्रसंगच कापू नका. आधी तो वेगळ्या कोनातून टिपता येतो का, ते पाहा.