लांब मिशांचे भुंगेरे

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, म्हणजे यवतमाळसारख्या गांवीं रात्रीं ओसरीवरच्या दिव्याभोंवतीं नाना तऱ्हेच्या किड्यांची जत्रा भरते. त्या गर्दींत केव्हां केव्हां बोटाएवढा लांब, राखी रंगाचा एक पाहुणा भिंतीवर येऊन बसतो. त्याच्या मिशा त्याच्या अंगाहूनहि लांब असून बैलाच्या शिंगांप्रमाणें मागें वळलेल्या असतात. मुलांनीं त्याला चिमटींत धरलें, तर तो करकर असा आवाज काढतो. हा आवाज तोंडांतून निघत नाहीं. छातीचा पुढचा भाग मागच्या भागावर घांसल्यानें निघतो. मुलें घाबरतात, वडील माणसें केरसुणी शोधूं लागतात, आणि हा कोण, हा प्रश्न तसाच राहून जातो. श्रोतेहो, आज त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा विचार आहे. कारण तें उत्तर ठाऊक असणें वा नसणें यावर आपलें आंब्याचें झाड, घरांतील लांकूडसामान आणि शेतांतील पीक यांचें बरेंचसें हित अवलंबून आहे.

हा प्राणी भुंगेऱ्यांच्या ज्या कुलांतला आहे, त्याला शास्त्रांत सेरँबिसिडी असें नांव आहे. या कुलांतील पस्तीस हजारांहून अधिक जातींचें वर्णन आजवर झालेलें आहे. अंटार्क्टिका सोडल्यास पृथ्वीच्या सर्व खंडांत हें कुल पसरलेलें असून उष्ण प्रदेशांतील अरण्यांत त्याची वस्ती सर्वांत दाट आहे. दक्षिण अमेरिकेंतील टायटन भुंगेरा सहा इंचांहूनहि लांब भरतो, तर आपल्या शेतांतला त्याचा एक भाऊबंद अर्ध्या इंचाचाहि नसतो. इतक्या भिन्न आकारांना एका कुलांत कां घातलें? नुसत्या मिशांवरून नव्हे. लांब मिशा झुरळालाहि असतात. पहिली खूण अशी कीं, यांचे डोळे बहुधा राजम्याच्या दाण्यासारखे खांचेचे असतात व त्या खांचेपाशीं मिशीचें मूळ बसलेलें असतें. दुसरी खूण पावलाची. पाऊल चार पेरांचें दिसतें. परंतु भिंगाखालीं पाहिल्यास तिसऱ्या पेराच्या आडोशाला आणखी एक अगदीं बारीक पेर दडलेलें आढळतें. तिसरी खूण बाळपणाची. अळी पांढरट व मांसल असून तिला पाय जवळजवळ नसतातच. ती वनस्पतीच्या अंगांत, म्हणजे लांकडांत, सालीखालीं, मुळांत किंवा देठांत पोखरून राहते. झाडाला भिरूड लागल्याची तक्रार आपण ऐकतों, ती पुष्कळदां अशाच अळीची असते.

भुंगेरा आपल्याला दिसतो तो थोडे दिवस. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपानें अंधारांत जातो. म्हणूनच शास्त्रज्ञांना त्याची ओळख पटवून घेण्यास फार काळ लागला. लिनियसानें १७५८ सालीं त्यांतील कांहीं जातींना नांवें दिलीं. हिंदुस्थानांतील जातींचें पहिलें मोठें व्यवस्थित वर्णन गाहान या कीटकशास्त्रज्ञानें १९०६ सालीं एका स्वतंत्र ग्रंथांत केलें. त्यानंतर डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत बीसन यांनीं कोणता भुंगेरा कोणत्या झाडावर जगतो, याचा मोठा अभ्यास करून १९४१ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. गाहानच्या ग्रंथानें भुंगेऱ्याचें नांव कळतें, तर बीसनच्या ग्रंथानें त्याचें घर कळतें. आपल्याला दोहोंची गरज आहे.

या कुलाचीं उपकुलें किती मानावीं, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पण आपल्याकडे तीन ओळखतां आलीं म्हणजे पुष्कळ झालें. पहिलें प्रायोनिनी. यांतले भुंगेरे बहुधा मोठे, तपकिरी व रात्रींचर असतात आणि त्यांच्या छातीच्या दोन्ही कडा धारदार, पुष्कळदां कांटेरी असतात. दुसरें सेरँबिसिनी. यांचें डोकें पुढें तिरपें झुकलेलें असतें आणि तोंडाजवळच्या स्पर्शकांचें शेवटचें पेर बोथट असतें. तिसरें लॅमिइनी. यांचा चेहरा भिंतीसारखा सरळ उभा असून स्पर्शकांचें टोंक अणकुचीदार असतें. एकूण जातींपैकीं निम्म्याहून अधिक जाति या तिसऱ्या उपकुलांत मोडतात.

आतां प्रसाराकडे वळूं. नद्या, डोंगर व हवामान यांवरून प्राण्यांच्या वस्तीचा नकाशा काढण्याची रीत आहे. परंतु या भुंगेऱ्यांचा नकाशा मुख्यतः झाडांवरून काढावा लागतो. आपल्या पूर्वेस व ईशान्येस मंडला, बालाघाट या बाजूला सालवृक्षाचीं अरण्यें आहेत. तेथें हॉप्लोसेरँबिक्स स्पिनिकॉर्निस नांवाचा भुंगेरा सालाचें लांकूड पोखरतो. १९२० नंतरच्या दशकांत त्यानें मध्यप्रांतांत मोठा धुमाकूळ घातला होता, आणि १९९७-९८ सालीं मध्यप्रदेशांत पुन्हां लाखों झाडांना त्याची बाधा झाली. त्याचा बंदोबस्त करण्याची रीत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पावसाळ्यांत सालाचें एकादें झाड पाडून त्याच्या ओंडक्यांची साल ठेंचतात. ताज्या रसाच्या वासानें भुंगेरे दुरून येतात, रस पिऊन सुस्त होतात आणि मग ते हातांनीं वेंचून मारतात. ही युक्ति सुचली, ती त्या एका जातीची खोड ओळखल्यामुळें. यवतमाळच्या रानांत मात्र साल नाहीं. आपलें रान सागाचें. त्यामुळें सालाच्या या वैऱ्याचें भय आपल्याला नाहीं. आपले सोबती निराळे आहेत.

त्यांतला पहिला बाभळीचा. काळ्या जमिनीच्या धुऱ्यावरील बाभूळ म्हणजे वऱ्हाडच्या शेतकऱ्याचें लांकडाचें कोठार. गाडीचें चाक, वखर, तिफण यांना तिचेंच लांकूड लागे. सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर हा भुंगेरा पावसाच्या आरंभीं बाहेर पडतो, कोंवळ्या फांद्यांची साल कुरतडतो आणि लहान झाडाच्या बुंध्यापाशीं अंडीं घालतो. अळी खालीं मुळांत उतरते. झाडाच्या पायथ्याशीं भुशाचा लहान ढीग दिसला, म्हणजे ती आंत आहे असें समजावें. हाच प्राणी महाराष्ट्रांत द्राक्षाच्या वेलीलाहि उपद्रव देतो.

दुसरा आंब्याचा, बॅटोसेरा रुफोमॅक्युलेटा. दिव्यावर आलेल्या त्या राखी पाहुण्याच्या छातीवर दोन नारिंगी ठिपके असतील, तर तो बहुधा हाच. त्याची अळी चार इंचांपर्यंत वाढते. ती आंबा, उंबर, अंजीर अशा झाडांच्या खोडांत वर्षभर किंवा अधिक काळ बोगदे काढते. एकादी मोठी फांदी अकस्मात् वाळते, तेव्हां कुठें मालकाला पत्ता लागतो. हा भुंगेरा मॉरिशस व पश्चिम आशियापर्यंत जाऊन पोंचला आहे. पानांवर औषध शिंपडून या अळीचें कांहींच बिघडत नाहीं. भोंक शोधावें, भुसा काढावा, तार घालून अळी ओढून काढावी किंवा आंतच मारावी, आणि भोंक चिखलानें लिंपून टाकावें.

तिसरा घरांतला, स्ट्रोमॅशियम बार्बेटम. हा सेरँबिसिनी उपकुलांतला असून त्याला जिवंत झाड नकोच. त्याला वाळलेलें लांकूड लागतें. अळी लांकडांत अनेक वर्षें राहूं शकते, आणि मग जुन्या पलंगांतून किंवा कपाटांतून एके दिवशीं अचानक भुंगेरा बाहेर येतो. येथें गफलत करूं नये. वाळवी मातीचे बोगदे बांधते. घुणाचें भोंक टांचणीच्या टोंकाएवढें असतें. या भुंगेऱ्याचें भोंक त्याहून कितीतरी मोठें असतें. सागाच्या गाभ्यापेक्षां सालीलगतचें पांढरें लांकूड त्याला सोपें जातें, म्हणून सामान करवितांना तें पांढरें लांकूड काढून टाकणें हीच मोठी खबरदारी होय.

चौथा सर्वांत लहान, पण आज सर्वांत महत्त्वाचा. ऑब्रिऑप्सिस ब्रेव्हिस हें त्याचें शास्त्रीय नांव. शेतकरी त्याला चक्रीभुंगा म्हणतात. त्याचें पहिलें वर्णन १७८७ सालीं झालें. चवळी, मूग अशा वनस्पतींवर तो पूर्वींहि जगत असे. पण मध्य हिंदुस्थानांत सोयाबीनचा पेरा वाढला आणि त्याला जणूं जहागीरच मिळाली. मादी सोयाबीनच्या देठावर किंवा खोडावर थोड्या अंतरानें दोन गोल चक्रें कोरते व त्यांच्या मध्यें अंडें घालते. चक्राच्या वरचा भाग सुकून मान टाकतो. अळी खोडांतून खालीं जाते, पूर्ण वाढ झाल्यावर जमिनीपासून कांहीं इंचांवर खोड आंतून कापते आणि तुटलेल्या तुकड्यांत पुढच्या पावसाळ्यापर्यंत झोंप घेते. म्हणजे या वर्षीच्या धसकटांतच पुढच्या वर्षीचा शत्रु साठवलेला असतो.

बाभूळ, आंबा व सोयाबीन यांचे हे तिन्ही वैरी लॅमिइनी या एकाच उपकुलांतले. तरी एकाचें ठाणें मुळांत, दुसऱ्याचें खोडाच्या लांकडांत, तिसऱ्याचें कोंवळ्या देठांत. म्हणून उपाय उपकुलावरून ठरत नाहीं. तो जातीवरूनच ठरतो. चक्रीभुंग्यासाठीं सुकलेला शेंडा खालच्या चक्रासकट आठवड्याच्या आठवड्याला तोडून नष्ट करावा, दाट पेरणी टाळावी, कापणीनंतर शेत साफ ठेवावें. फवारणी करावयाचीच झाली, तर ती भुंगेरे अंडीं घालीत असतां, कृषि विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणें करावी. अळी खोडांत शिरल्यावर वरून टाकलेलें औषध बहुतांशी वायांच जातें.

वायां गेलेल्या औषधाची किंमत केवळ रुपयांत मोजली जात नाहीं. २०१७ सालीं याच यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर मरण पावले. शेंकडों इस्पितळांत पडले. त्या दुःखद प्रकाराचीं कारणें अनेक होतीं, आणि या भुंगेऱ्यांचा त्याच्याशीं संबंध नव्हता. परंतु कोणत्या किडीसाठीं, केव्हां आणि खरोखरच फवारावें काय, हा प्रश्न पाठीवर पंप चढविण्यापूर्वीं विचारला गेला पाहिजे, हा धडा प्रत्येक पिकाला लागू आहे. टाळलेली एकेक फवारणी म्हणजे एका माणसाच्या छातींत न गेलेलें विष होय.

किड्यांचे प्रकार, त्यांच्या मिशा आणि पावलांचीं पेरें मोजीत बसणें हा रिकामा उद्योग वाटतो. पण ज्यानें तें मोजलें, त्याच्यामुळेंच सालाचें अरण्य वांचविण्याची युक्ति निघाली, आणि त्याच्यामुळेंच आंब्याला तार व सोयाबीनला नुसते दोन हात पुरतात हें आपल्याला कळलें. तेव्हां पुढच्या मृगांत दिव्यावर तो लांब मिशांचा पाहुणा आला, तर केरसुणी उचलण्यापूर्वीं त्याला एका कांचेच्या भांड्याखालीं ठेवा. त्याचा चेहरा तिरपा आहे कीं उभा, छातीवर ठिपके आहेत कीं कांटे, तें मुलांना पाहूं द्या. मग सकाळीं अंगणांतल्या आंब्याच्या बुंध्यापाशीं भुसा पडला आहे काय, तेंहि एकदां जाऊन बघा.