पुनः पुन्हा बंद पडणारा टपालाचा सर्व्हर



कोल्हापुराहून आंबा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शाहूवाडी तालुक्यांत, मलकापूर हें लहानसें शहर आहे. विशाळगडच्या जहागिरीचें ठाणें म्हणून तें पूर्वीं प्रसिद्ध होतें. अशा ठिकाणीं काजू व तांदूळ यांचा व्यापार करणारी दहा-बारा माणसांची एखादी पेढी आहे असें आपण धरून चालूं. मागण्या, बिलें, बँकेचे कागद, सारें ई-मेलनें येतें-जातें. त्यासाठीं पेढीनें स्वतःचा सर्व्हर ठेविला आहे. परंतु दर आठ-दहा दिवसांनीं टपाल पाहण्याचें वेब-पान उघडेनासें होतें. कोणी तरी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतो, पान उघडतें, आणि पुढच्या आठवड्यांत पुन्हा तोच प्रकार! उत्तर न मिळालेला गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जातो आणि बोल मात्र बिचाऱ्या कारकुनास लागतो. या दुखण्याचें निदान कसें करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पान बंद पडलें म्हणजे टपाल बुडालें असें नव्हे. एकाच सर्व्हरांत निरनिराळे कामगार राबत असतात. एक पत्रें घेतो व धाडतो, दुसरा तीं ज्याच्या त्याच्या पेटींतून काढून देतो, तिसरा वेब-पान दाखवितो. तिसरा आजारी पडला तरी पहिला बहुधा काम करीतच असतो. आणि सगळाच सर्व्हर बंद असला, तरी टपालाच्या देवघेवीचे जे नियम जॉन पोस्टेल यांनीं १९८२ मध्यें लिहिले व जे २००८ मध्यें सुधारले गेले, त्यांप्रमाणें धाडणाऱ्या सर्व्हरनें पुनः पुन्हा प्रयत्न करावयाचा असतो, आणि साधारणपणें चार-पांच दिवस तरी आशा सोडावयाची नसते. तेव्हां पांच मिनिटें थांबून नीट पाहण्यास सवड आहे.

या पांच मिनिटांत काय पाहावें? पहिला प्रश्न असा कीं, बिघाड घरांत आहे कीं वाटेवर? सर्व्हरवरच बसून पान उघडून पाहावें; नंतर मोबाइलच्या इंटरनेटवरून पाहावें. आंत उघडतें आणि बाहेरून उघडत नाहीं, तर सर्व्हर निर्दोष असून दोष बहुधा वाटेवरचा, म्हणजे तारेचा, राउटरचा किंवा नांव-पत्ता जुळविणाऱ्या व्यवस्थेचा आहे. घाटमाथ्यावरील पावसाळ्यांत हा संशय आधीं घ्यावा.

दुसरा प्रश्न वेळेचा. मलेरियाचा ताप जसा पाळीवरून ओळखतात, तसाच हा बिघाडही ओळखतां येतो. रोज रात्रीं ठराविक वेळीं पान बंद पडत असेल, तर त्या वेळीं चालणारें नक्कल काढण्याचें काम पाहावें. बरोबर तीन महिन्यांनीं पडत असेल, तर सुरक्षेचें प्रमाणपत्र तपासावें. २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था जीं मोफत प्रमाणपत्रें देत आली, तीं ९० दिवसांच्या मुदतीचीं असत. वीज गेल्यावरच पडत असेल, तर वीज परत आल्यावर तो कामगार आपोआप उठतो कीं नाहीं तें पाहावें.

परंतु पाळी अनियमित असेल, तर संशय मेमरीवर घ्यावा. येथें साधा हिशेब उपयोगी पडतो. सर्व्हरची मेमरी ४ गिगाबाइट आहे. टपालांतील विषाणु शोधणारा प्रोग्राम एकटाच एक गिगाबाइटहून अधिक खातो. तो धरून सर्व मिळून २ गेलीं असें धरा. उरलीं २. अपाची हा वेब-सर्व्हर, त्याच्या एका प्रचलित रचनेंत, कोणी मर्यादा बदलली नसल्यास एका वेळीं २५६ हस्तक उभे करूं शकतो. प्रत्येकास ५० मेगाबाइट लागलीं, तर १२,८०० मेगाबाइट झालीं! एरव्हीं पांच-सात हस्तकांवर काम भागतें. परंतु परमुलखांतील यंत्रें पासवर्ड चोरण्यासाठीं एकदम दार ठोठावूं लागलीं कीं हस्तक वाढत जातात, मेमरी संपते, आणि लिनक्स स्वतःचा जीव वाचविण्यासाठीं एखाद्या प्रोग्रामचा बळी घेतो. ही गोष्ट तो आपल्या लॉगमध्यें प्रामाणिकपणें लिहून ठेवितो. पण वाचतो कोण? यावर उपाय असा कीं, हस्तकांची मर्यादा ३५ वर आणावी व वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्यांस कांहीं काळ दार बंद करावें. मग गर्दींत चार जणांस थोडें थांबावें लागेल, परंतु सर्वांचें काम अडणार नाहीं.

डिस्कही पाहावी. ती भरलेली नसतांनाही भरल्यासारखी वागते. कारण पुष्कळ सर्व्हरांत प्रत्येक पत्र ही वेगळी फाइल असते, आणि जागा शिल्लक असली तरी फायलींची ठरलेली संख्या संपूं शकते.

म्हणून माझी विनंति अशी आहे. सर्व्हर पुन्हा चालू करण्यापूर्वीं एका वहींत वेळ, शिल्लक मेमरी, डिस्कची स्थिति आणि लॉगच्या शेवटच्या ओळी लिहून ठेवाव्या. पुन्हा चालू करणें हें वेदना थांबविणारें औषध आहे. त्यानें रोग जात नाहीं, उलट मेमरींतील खुणा मात्र पुसल्या जातात. पडलेला प्रोग्राम आपोआप उठविण्याची सोय करावी, पण तो किती वेळां उठविला याची मोजदाद ठेवावी. एका वेळीं एकच बदल करावा. चार बदल एकदम केले तर गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं. आणि आठ-दहा दिवसांनीं येणारा बिघाड महिनाभर आला नाहीं, तरच तो गेला असें म्हणावें. तोंवर वही मिटूं नये, आणि कारकुनासही दोष देऊं नये.