जुन्या पेटीतील वस्तू
(ज्युबिलीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिलीच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या घरची जुनी छायाचित्रे व कागदपत्रे शोधून आणावीत, अशी विनंती आपल्या मंडळाने केली आहे. हे काम वाटते तितके सुलभ नाही. म्हसवड येथील आमचे माळवदाचे घर उतरवून नवे बांधावयाचे ठरले, तेव्हा आम्हां तिघा भावंडांवर हाच प्रसंग आला होता. त्या प्रसंगी जे पाहिले व ऐकले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहे. मी विद्वान नव्हे, याची आपणांस कल्पना आहेच.

म्हसवड हे सातारा जिल्ह्याच्या पूर्व अंगास, माण नदीच्या काठी वसलेले गाव. सिद्धनाथ-जोगेश्वरीचे ते ठाणे असून मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस तेथे रथयात्रा भरते. पाऊस मात्र या प्रांताला नेहमीच पाठमोरा. सह्याद्रीवर कोसळणारे ढग माणदेशात येईपर्यंत रिते झालेले असतात. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळात लोकांस काम मिळावे म्हणून जवळच राजेवाडीचा तलाव बांधावयास घेतला गेला. परंतु त्याचे पाणी पूर्वेस सांगोल्याकडे वाहून जाते, आणि आमचा शेतकरी बांधावर उभा राहून आकाशाकडे पाहतो. म्हणून येथील माणूस बाहेर पडतो. कोणी मेंढरे घेऊन, कोणी सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी दूर परप्रांती, कोणी मुंबईच्या गिरणीत. अशा मुलखातील घराची पेटी उघडली की, तीत गेलेल्या माणसांच्याच खुणा अधिक सापडतात.

आमच्या पेटीत सर्वांत वर एक घोंगडी होती, तिला कसर लागली होती. तिच्याखाली आणे-पैंची नाणी. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, तरी पुढे कित्येक वर्षे आमची आजी हिशेब आण्यांतच करी. ही नाणी नातवंडांनी वाटून घेतली. त्यांविषयी वाद झाला नाही.

वाद झाला तो कागदांवरून. वडील मुंबईस गिरणीत कामास होते. दरमहा त्यांची मनिऑर्डर येई. मनिऑर्डरच्या फॉर्मास खाली एक लहानसे कूपन असे व त्यावर दोन ओळी मजकूर लिहिता येई. 'सर्व खुशाल. पोरांची काळजी घेणे.' बहुतेक कूपनांवर याहून अधिक काही नाही. आईस वाचता येत नव्हते. ती पोस्टमनकडून एकदा वाचून घेई आणि कूपन तारेत अडकवून ठेवी. धाकट्या भावाचे म्हणणे पडले की, एकच मजकूर शेकडो वेळा जपून काय करावयाचे? त्याचे म्हणणे वरवर रास्त होते. परंतु तार उलगडीत गेलो तसे ध्यानी आले की, आईने एकाही महिन्याचा क्रम चुकविलेला नव्हता. ती तार १९८२ च्या आरंभी संपते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर आमच्याकडे मनिऑर्डर आली नाही. काही महिन्यांनी वडील स्वतःच आले. संपावर पुष्कळ ग्रंथ झाले आहेत. आमच्या घरचा त्याचा इतिहास म्हणजे तारेचे ते मोकळे टोक. ती तार आम्ही ठेवली.

पेटीच्या तळाशी दोन वस्तू निघाल्या : दांडा झिजलेली एक हातोडी आणि विटक्या लाल खणाची एक कुंची. हातोडी पाहून माझा पुतण्या म्हणाला, ही कोण्या मिस्त्रीची राहिली असावी, भंगारात टाकू. आई तोपर्यंत उंबऱ्याशी बसून मुकाट्याने पाहत होती. तिने हात पुढे करून हातोडी मागून घेतली.

१९७२ च्या दुष्काळाची हकीकत येथील वडीलधाऱ्यांस मी सांगावी असे नाही. खडी फोडणे, नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते अशी कामे सरकारने गावोगाव काढली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर होती. रेशनवर लाल मिलो मिळे. त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे, तरी लोक खात. रोजगार हमीचा कायदा याच अनुभवातून पुढे १९७७ साली झाला. हे सर्व पुस्तकांत आहे. आमची आई त्या ५० लाखांपैकी एक होती. बोटांना चिंध्या बांधून ती याच हातोडीने खडी फोडी, आणि आठवड्याच्या शेवटी पगारपत्रकावर अंगठा उठवी.

मग मोठ्या बहिणीने कुंची उचलली व ही कोणाची, असे विचारले. आई म्हणाली, "तुमच्या थोरल्या भनीची हाय ती. खडीवर होती माझ्यासंगं. दीड वर्साची."

आम्हां तिघांचा जन्म दुष्काळानंतरचा. आम्हांस आणखी एक बहीण होती, हे पन्नास वर्षांत आम्हांस ठाऊक नव्हते. त्या उन्हाळ्यात कामाच्या जागी लिंबाखाली झोळीत तिला निजवीत. हगवण लागली व तीन दिवसांत सारे आटोपले. वडिलांस ते पत्राने कळविले गेले. सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी विचारले नाही व आईने सांगितले नाही.

आमच्याकडे हेळवी येतात व घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवितात. पुढे हेळवी आले तेव्हा मी मुद्दाम विचारले. त्यांच्या वहीत पणजोबांच्याही मागची पुरुषांची नावे होती. लहानपणी गेलेली मुलगी त्यांत कशी असावी? येथे आपल्या मंडळीस एक गोष्ट अनुकूल आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ट्रेंट येथील धर्मसभेने १५६३ साली विवाहाच्या नोंदवह्या ठेवण्याचा दंडक घालून दिला, आणि बाप्तिस्म्याच्या वह्याही देवळोदेवळी राहू लागल्या. गरिबाची मुलगी चार दिवस जगली तरी तिचे नाव, आईबापांची नावे व तारीख तेथे मिळते. स्मरणिका काढताना छायाचित्रांआधी त्या वह्यांकडे पाहावे, असे मला वाटते.

आमच्या पेटीत आणखी एक पुस्तक होते, माणदेशी महिला सहकारी बँकेचे. म्हसवडच्या बायांनी ही बँक काढावयाचे मनात आणले, तेव्हा अर्जावर सह्यांऐवजी अंगठेच पुष्कळ, म्हणून परवाना नाकारला गेला. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बाया अक्षरे गिरवू लागल्या, आणि १९९७ साली बँक उभी राहिली. गिरविणाऱ्यांत आमची आई होती. तिला स्वतःचे नाव तेवढे लिहिता येते.

घरच्या वहीत आम्ही पेटीतील एकेक वस्तू लिहून काढली : ही काय, कोणाची, केव्हाची. कुंचीपुढे माझ्या पुतणीने त्या बहिणीचे नाव लिहिले. ते येथे उच्चारीत नाही. त्याखाली आईने सही केली. तिला बराच वेळ लागला.

घोंगडी टाकावी लागली. भांडी वाटली गेली. हातोडी व कुंची माझ्याकडे आहेत. एक छायाचित्र मात्र अद्याप अडले आहे. म्हसवडच्या यात्रेत रंगविलेल्या पडद्यापुढे काढलेले असून, त्यात चौघेजण आहेत. दोघे आमचे आजोबा व चुलते. उरलेले दोघे कोण, हे आईसही ओळखत नाही. या सभेत माणदेशातून आलेली काही वृद्ध मंडळी आहेत. छायाचित्र मी सोबत आणले असून ते बाहेर मेजावर ठेवतो. चहाच्या वेळी त्यांनी कृपा करून एकदा पाहावे.