उशाशी असलेले रान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी आम्ही साहित्यावर किंवा नाट्यसंगीतावर बोलावे, अशी कित्येकांची अपेक्षा असेल. त्या विषयांचे अधिकारी वक्ते या व्यासपीठाला कधी कमी पडले नाहीत. आम्ही आज एक साधा विषय निवडला आहे. मुनिरक्यात राहणाऱ्या माणसाने पायी कोठे हिंडावे, आणि का हिंडावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

दिल्लीतील मराठी माणसाची एक तक्रार ठरलेली असते : येथे डोंगर नाही. ज्याने लहानपणी पर्वतीच्या पायऱ्या मोजल्या, सिंहगडावर पिठले-भाकरी खाल्ली, त्याला हे शहर सपाट आणि परके वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु ही तक्रार अर्धीच खरी आहे. अरवली पर्वताची शेवटची धार दिल्लीत शिरते. तिलाच दिल्लीकर ‘रिज’ म्हणतात, आणि आपले मुनिरका तिच्या अगदी कडेला वसलेले आहे. या धारेचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून ३१८ मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. उंचीच्या बाबतीत सह्याद्रीचा शब्द अखेरचा, हे मान्यच. पण वयाचे काय? सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर येथला तांबूस-करडा, गारगोटीसारखा कठीण खडक सुमारे दीडशे कोटी वर्षांचा मानला जातो. तेव्हा वडीलकीचा मान या ठेंगण्या टेकड्यांकडेच जातो. शिवाय त्या ठेंगण्या आहेत हाच त्यांचा गुण आहे. येथे दोर नको, गिर्यारोहणाची तालीम नको. आजोबा आणि नातू दोघांनाही झेपेल अशीच ही वाट आहे.

अशा तीन वाटा आम्ही सुचवितो. पहिली सर्वांत सोपी, पूर्वेकडील हौज खासची. अल्लाउद्दीन खिलजीने खोदविलेला तलाव, त्याच्या काठी फिरोजशहा तुघलकाने १३५२ साली बांधविलेला मदरसा, आणि भोवती दाट झाडी. रस्ता सपाट व बांधीव असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनी येथूनच आरंभ करावा.

दुसरी वाट संजय वनाची. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या पलीकडे, मेहरौलीच्या अंगास हे रान आहे. येथील पायवाटा मातीच्या असून मधूनमधून सौम्य चढ लागतो. झाडीतून चालता चालता एकाएकी दगडी तटाचे अवशेष समोर येतात. तोमर राजा अनंगपाल याने अकराव्या शतकात उभारलेल्या लालकोटाचा हा तट. त्यावरून कुतुबमिनाराचे जे दर्शन घडते, ते तिकीट काढून आत जाणाऱ्याला घडत नाही. किल्ल्यांवर वाढलेल्या आपल्या मनाला ही वाट विशेष रुचेल.

तिसरी वाट नैर्ऋत्येस, वसंत विहारच्या बाजूस, अरवली जैवविविधता उद्यानाची. एके काळी येथे दगड, मुरूम आणि अभ्रक काढणाऱ्या खाणी होत्या. जमीन पोखरून टाकलेली होती. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या चमूने तेथे अरवलीचे मूळचे रान पुन्हा वसविले. खाणींच्या खड्ड्यांत आता नेचे आणि ऑर्किड वाढतात. उजाड केलेली जमीन माणूस मनावर घेईल तर पुन्हा जिवंत करता येते, याचा हा चालता-बोलता पुरावा आहे.

चालताना झाडांकडे डोळसपणे पाहावे. जिला आपण वेडी बाभूळ म्हणतो, तीच येथली ‘विलायती कीकर’. अमेरिका खंडातील हे झाड इंग्रजांच्या अमदानीत रिजवर लावले गेले, आणि त्याने मूळच्या झाडांना हटविले. ते सरसकट तोडावे तर जमीन उघडी पडते. म्हणून त्याचा माथा छाटून खाली ऊन पोहोचू द्यावयाचे, आणि त्या उन्हात देशी रोपे वाढवावयाची, अशी युक्ती योजतात. पळस, बोर, हिवर, हिंगण ही आपल्या माळरानावरील ओळखीची मंडळी येथे भेटली की परकेपणा बराचसा गळून पडतो. मोर आणि नीलगाय तर या रानाचे जुने रहिवासी.

आता ‘का हिंडावे’ या प्रश्नाकडे वळू. २४ मे १९९४ रोजी रिजचे ७,७७७ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून अधिसूचित झाले. पण खडक तोच, झाडी तीच, आणि तरीही जी जमीन त्या नकाशात आली नाही, तिचे नशीब वेगळे ठरले. वसंत कुंजच्या रिजवरील व्यापारसंकुलांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २००६ साली बांधकामास परवानगी मिळाली. नकाशात आलेली जमीनही निर्धास्त नाही. २०२४ साली दक्षिण रिजवर रस्ता रुंद करण्यासाठी शेकडो झाडे तोडली गेली, आणि यात न्यायालयाचा अवमान झाल्याचा निर्णय २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. निर्णय मिळाला, झाडे गेली ती गेलीच.

याउलट एक उदाहरण सांगतो. १९७९ साली दिल्लीतील काही शाळा-कॉलेजांतील मुलेमुली रिज वाचविण्यासाठी पुढे सरसावली. त्या चळवळीतून ‘कल्पवृक्ष’ ही संस्था जन्मली. तिचे काम आज पुण्यातून चालते, हा आपल्याशी जुळणारा धागा. त्या मुलांजवळ पैसा नव्हता, पदे नव्हती. त्यांना रानाविषयी आपुलकी होती. ज्या रानात माणसे नित्य चालतात, तेथे कुऱ्हाड पडली तर दुसऱ्या दिवशी कळते. ज्या रानात कोणी फिरकत नाही, तेथे ते वर्षाने कळते, किंवा कळतच नाही. म्हणून चालणे ही केवळ प्रकृतीची सोय नव्हे. ती एक प्रकारची राखणही आहे.

काही व्यावहारिक सूचना. फाल्गुनाचे दिवस सर्वांत उत्तम; पळस तेव्हाच फुलतो. उन्हाळ्यात सूर्योदयाबरोबर निघून लवकर परतावे. दिवाळीनंतर हवा फार बिघडते, तेव्हा दमेकऱ्यांनी घरीच थांबावे. एकट्याने आडवाटेस जाऊ नये, अंधारापूर्वी बाहेर पडावे, सोबत पाणी असावे, आणि माकडांना खाऊ घालण्याचे पुण्य कोणी पदरी पाडून घेऊ नये.

शेवटी मंडळास एक विनंती. गणेशोत्सव आणि नाटके आपण निष्ठेने करीत आलो. त्यांच्या जोडीला महिन्यातील एका रविवारी रानातली पायपीट सुरू करावी. मुलांनी पाच झाडे मराठी नावांनी ओळखावीत. ज्येष्ठांनी ती ओळख करून द्यावी. मंडळाचा शतकमहोत्सव साजरा होईल तेव्हा आपल्यापैकी बरेच जण नसतील. हे रान मात्र असावे, आणि त्यात मराठी बोलत चालणारी मुलेही असावीत.