उन्हाळ्यातले चारशे तास
(मंडळाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर. घर बांधण्याशी माझा संबंध मॉर्टगेज भरण्यापुरता! तरी आज आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या समर इंटर्नशिपवर बोलणार आहे, कारण माझी भाची यंदाचा उन्हाळा अशाच एका छोट्या फर्ममध्ये काढून आली.

आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : "पैसे किती देतात?" आर्किटेक्चरच्या मुलांना हे विचारायचा संकोच वाटतो. थोरामोठ्यांच्या हाताखाली फुकट काम करण्याची त्या क्षेत्रात जुनी रीत आहे. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी १९५१ साली पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेले, तेव्हा पहिले आठ महिने बिनपगारी होते. पुढे २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळालं. असं ऐकलं की मुलांना वाटतं, हाच मार्ग.

इथला हिशोब मात्र वेगळा आहे. लायसन्ससाठी बहुतेक राज्यांत पदवी, सहा भागांची परीक्षा आणि 'एनकार्ब' संस्थेच्या नियमांनुसार ३,७४० तासांचा अनुभव लागतो. दहा आठवड्यांच्या उन्हाळ्यात त्यातले भरतात ४००. आणि फर्ममध्ये बिनपगारी इंटर्नशिप केली, तर ते तास धरतच नाहीत! भाचीला एका ठिकाणी "अनुभव मिळेल" एवढंच आश्वासन होतं. तिने नम्रपणे नकार दिला आणि जिथे थोडा का होईना पगार होता, तिथे गेली.

काम काय? आधी जुन्या इमारतीत टेप धरून मापं घेणं, मग ती रेव्हिटमध्ये उतरवणं, फरश्यांचे आणि कापडांचे नमुने लावून ठेवणं. एकदा तिने काढलेल्या क्लिनिकच्या टॉयलेटवर सीनियर बाईंनी लाल पेनाने एक गोल काढला : ६० इंच. व्हीलचेअर वळायला एवढी जागा हवी, आणि दारातून जायला किमान ३२ इंच. अपंगांच्या हक्कांसाठी १९९० साली झालेल्या 'एडीए' कायद्याखालचे हे नियम. सॉफ्टवेअरने ते ड्रॉइंग निमूटपणे स्वीकारलं होतं. चूक माणसाने पकडली. त्यानंतर भाची आमच्याकडे आली ती टेप घेऊनच. आजीच्या बाथरूमचं दार तिने नापास केलं!

म्हणून पालकांनो, पगार जरूर विचारा. पण त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा : मुलांचं काम तपासणारं कोणी आहे का? आणि त्यांचे तास वेळच्या वेळी नोंदवून सही करणारा आर्किटेक्ट आहे का? भारतातून शिकायला आलेला भाचा-पुतण्या असेल, तर कामावर रुजू होण्याआधी कॉलेजकडून 'सीपीटी'ची परवानगी घ्यायला सांगा.

मुलं उन्हाळ्यात कुठे होती, हे रेझ्युमेवर दिसतं. त्यांच्या कामावर लाल पेन कोणी चालवलं, ते तिथे दिसत नाही. पण शिक्षण तिथेच होतं.