सरांचं घड्याळ आणि माझं तेल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मंचावरचे गुरुजन, पहिल्या रांगेत बसलेल्या बाई, आणि १९७६च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘निवृत्तीनंतरचे छंद’ असा विषय दिला होता. मी कागदावर चार मुद्दे काढलेही होते. पण आज बाई येणार म्हणून कळलं आणि ते चारही मुद्दे बाजूला ठेवले. मला एकाच घड्याळाबद्दल बोलायचं आहे. गणिताच्या सरांच्या घरचं, पक्ष्याचं घड्याळ. तुमच्यापैकी बरेच जण नीरेकाठच्या त्या घरी कधी ना कधी गेलेले आहेत आणि दर अर्ध्या तासाने दार उघडून ‘कुक्कू’ करणारा तो पक्षी तुम्ही पाहिलेला आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सरांच्या मुलीने ते १९९८ साली जर्मनीहून आणलं. तिकडे ‘ब्लॅक फॉरेस्ट’ म्हणून जंगलाचा डोंगराळ मुलूख आहे. हिवाळ्यात बर्फ पडलं की शेती बंद, मग घरात बसून लाकडाची घड्याळं करायची, असा तिथला जुना जोडधंदा. आपल्या वेल्ह्यात पावसाळ्यात घोंगडं पांघरून चुलीशी बसतात, तसं ते लोक घड्याळं करत बसले! उतरत्या छपराच्या घरासारखा जो आकार आपण ओळखतो तो १८५०च्या सुमाराचा. फुर्टवांगेन गावात घड्याळं शिकवणारी शाळा निघाली होती. तिने नवे नमुने मागवले, तेव्हा आयझेनलोर नावाच्या वास्तुविशारदाने चक्क रेल्वेच्या चौकीदाराच्या घराचं चित्र पाठवलं. त्या घराला तबकडी बसवली, आणि तेच पुढे जगभर गेलं.

आता आत काय असतं? खाली देवदाराच्या फळासारखी दोन लोखंडी वजनं लोंबतात. एक वजन काटे चालवतं, दुसरं पक्ष्याला बोलवतं. चावी नाही, स्प्रिंग नाही. रोज रात्री साखळी ओढून वजनं वर घ्यायची, की दिवसभराची सोय झाली. पक्ष्याच्या घशात काही नसतं. त्याच्या दोन बाजूंना लाकडाच्या दोन शिट्ट्या असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक भाता, लोहाराच्या भात्याची काड्यापेटीएवढी नक्कल. तार एक भाता उचलून सोडते, ‘कुक्’. मग दुसरा, ‘कू’. बस्स. सर घरी आलेल्या पोरांना गणित घालायचे, की हा पक्षी दिवसात किती वेळा ओरडतो? एक ते बारा यांची बेरीज अठ्ठ्याहत्तर, दुप्पट एकशे छप्पन्न, अर्ध्या तासाचे चोवीस. एकूण १८०. जो उत्तर देईल त्याला शेंगदाण्याचा लाडू.

मी २०१८ला निवृत्त झालो. पिंपरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं मशीनची देखभाल केलेला माणूस. पुढच्या वर्षी दिवाळीआधी सरांना भेटायला गेलो, तर सर म्हणाले, “अरे, घड्याळ दिवसाला दहा मिनिटं मागे पडतंय. लोलकाचं पान जरा वर सरकवून बघू का?” मी म्हणालो, “सर, तुम्ही राहू द्या. हे मशीनचं काम आहे. तेल मागतंय ते.”

हे वाक्य मला आजही रात्री आठवतं.

बाजारातून शिलाई मशीनच्या तेलाची पिचकारी आणली आणि सढळ हाताने तेल दिलं. चाकांच्या दात्यांना दिलं, साखळीला दिलं, तारांना दिलं, भात्यांच्या बिजागऱ्यांनासुद्धा दिलं. कारखान्यात आमचा नियम होता, जिथे हलतं तिथे तेल. चहा पिऊन निघालो तेव्हा घड्याळ छान टिकटिकत होतं. मोठा कारागीर म्हणून मी खूश.

डिसेंबरात पक्षी घोगरा झाला. मग नुसतंच ‘कुक्’ यायला लागलं, पुढचं ‘कू’ गायब. मार्चपर्यंत घड्याळच बंद पडलं. मी फोनवर विचारलं तर सर म्हणाले, “थंडीने धरलंय रे त्याला. तुझं तेल होतं म्हणून एवढं तरी चाललं.” येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ते हेच सांगायचे. २०२१ला सर गेले. घड्याळ भिंतीवर तसंच, चार वाजून वीस मिनिटांवर.

दोन वर्षांनी बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, “त्याचा आवाज होता तेव्हा घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. तुला जमतंय का बघ.” मी ते उतरवलं आणि मांडीवर घेऊन एसटीने कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत गावी नेलं. तिथेही चूक. नेताना साखळ्या आत तारेने बांधून घ्यायच्या असतात, नाहीतर घड्याळ आडवं झालं की त्या चाकावरून निसटतात. दोन्ही निसटल्या होत्या.

मागचं फळकुट उघडलं आणि मला माझंच तेल दिसलं. पितळी पत्र्यांवरून ओघळून खाली साचलेलं, चार वर्षांची धूळ आणि फोडणीचा धूर खाऊन काळं, चिकट झालेलं. आणि आसांची टोकं, जिथे तेलाची खरी गरज होती, ती कोरडी ठणठणीत!

असं का झालं, ते मी नंतर शिकलो. प्रत्येक चाकाच्या आसाचं बारीक टोक पितळी पत्र्याच्या भोकात फिरतं. त्या भोकाभोवती बाहेरून एक वाटीसारखी खळगी असते. सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब तिथे ठेवला, की तो पृष्ठताणामुळे तिथेच धरून राहतो. थेंब मोठा झाला की खळगीबाहेर जातो, पत्र्यावर पसरतो, आणि जाताना आतलंही ओढून नेतो. म्हणजे जास्त तेल दिलं की घड्याळ कोरडं पडतं. कारखान्यात तेल सतत येत-जात असतं, घाण धुऊन नेतं. इथे एकच थेंब, तोच चार वर्षं पुरायचा.

दात्यांना तेल नको, तिथे धूळ चिकटून तेलाची कानस होते. साखळीला नको. भात्यांना तर कधीच नको. भात्याचा कागद तेल प्यायला की हवा धरत नाही, आणि सरांचं ‘कू’ तिथेच गेलं होतं. खोबरेल तर नावालासुद्धा नको. भोरच्या थंडीत बाटलीत काय होतं ते तुम्ही जाणता, तेच घड्याळात होतं. घड्याळाचं वेगळं तेल मिळतं, लहानशी बाटली जन्मभर पुरते. आसांच्या टोकांखेरीज एकाच जागी त्याचा पुसटसा हात लावायचा: लोलकाबरोबर डुलणारा नांगरासारखा तुकडा दातेरी चाकाला जिथे टेकतो तिथे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुनी घाण काढल्याशिवाय नवं तेल घालायचं नाही.

मी सगळं सुटं केलं. अंगणात, विडीवाल्यांना लांब बसवून, पेट्रोलमध्ये ब्रशने धुतलं. भोकांत बांबूची टोकदार काडी फिरवायची, काळी निघायची थांबेपर्यंत फिरवायची. एकेका भोकाला आठ-दहा काड्या. एका शिट्टीत कुंभारणीने मातीचं घर केलेलं होतं, ते वाळवून हलकेच फोडून काढलं. मागच्या बाजूला पालीची दोन अंडी. आपल्याकडच्या भिंतीवरच्या घड्याळात पाल असतेच, ती मी दोष धरत नाही. भात्यांची नवी जोडी सरांच्या मुलीने पाठवली. शिट्ट्या मात्र जुन्याच ठेवल्या, म्हणून आवाज तोच राहिला.

जूनमध्ये ते आमच्या घरी चाचणीला टांगलं आणि वेल्ह्याचा पाऊस सुरू झाला. तोरण्यावरून ढग घरात येतात तिथे लाकडी दार फुगणारच. पक्ष्याला दार उघडेना. बाहेर पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडतोय, तोही कोकिळेच्याच कुळातला, आणि आमचा आत कोंडलेला! दाराच्या कडेला मेणबत्ती घासली, बाहेरच्या ओल्या भिंतीवरून काढून मधल्या भिंतीवर टांगलं, मग सुटलं.

तुमच्यापैकी अनेकांकडे वडिलांच्या वेळची चावीची लोलकघड्याळं असतील. तेलाचे नियम तेच. पण त्यांच्यात ताणलेली स्प्रिंग असते, बोटं तुटतील इतकी जोरदार, तेव्हा ती घरी सुटी करू नका, माहीतगाराकडे द्या. घरी एवढं करा: चुलीच्या आणि देव्हाऱ्यातल्या निरांजनाच्या वर घड्याळ टांगू नका. टिकटिक कानाने ऐका. ‘टिक-टॉक, टिक-टॉक’ सारखं असलं पाहिजे. ‘टिक...टॉक-टिक...टॉक’ असं लंगडत असेल तर घड्याळ तिरकं आहे, खालून केसभर सरकवा. बंद पडलेलं लावताना मिनिटकाटा पुढेच न्या, आणि प्रत्येक अर्ध्या तासाला ठोके संपेपर्यंत थांबा. घाई केली की काटा एक सांगतो आणि ठोके दुसरंच.

आता त्या दहा मिनिटांचं. सरांनीच शिकवलेलं गणित आहे. दिवसाची मिनिटं १४४०, त्यात दहा म्हणजे पाऊण टक्क्याच्या आत. लोलकाची लांबी त्याच्या दुप्पट प्रमाणात बदलायची, म्हणजे दीड टक्क्याच्या आत. वीतभर लोलकाला हे जेमतेम तीन मिलिमीटर होतात. लोलकाचं लाकडी पान दांडीवर तीन मिलिमीटर वर सरकवलं असतं, की काम झालं होतं. सर तेच म्हणत होते. त्यांना तेव्हाच माहीत होतं, आणि मार्चमध्ये घड्याळ बंद पडलं तेव्हा का पडलं हेही माहीत असणार. दहावीत चुकलेल्या पायरीला लाल शाईने गोल करणारा माणूस. माझ्या या चुकीला त्यांनी गोल केला नाही, थंडीच्या नावावर घातली.

बाई, हे तुमच्या घरी येऊन, समोर बसून सांगायला हवं होतं. दोनदा आलो, दोनदा चहा पिऊन परतलो. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो, की ते घड्याळ थंडीने नाही, माझ्यामुळे बंद पडलं होतं.

घड्याळ आता परत बाईंच्या भिंतीवर आहे. साखळ्या त्या रोज रात्री ओढतात. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, दिवसाला तीन मिनिटं पुढे जातंय म्हणून. मी म्हणालो, “बाई, लोलकाचं पान केसभर खाली घ्या.” बाई म्हणाल्या, “ते मी कालच घेतलं. तुला फक्त कळवलं.”